टिळ्याचा रुपया

टिळ्याच्या दिवशी माझ्या वडिलांनी नवरदेवाच्या हातावर राणीछाप रुपया ठेवला, आणि माझ्या सासूनं तो उचलून उजेडात धरला. एका बाजूला राणीचं डोकं. दुसऱ्या बाजूलाही राणीचंच डोकं, पण आत खचलेलं, तोंड उलट्या बाजूला, अक्षरंसुद्धा उलटी. "खोटा रुपया, आणि वर अपशकुनी," सासू भरल्या बैठकीत म्हणाली. वडील खकनारकडचे शेतकरी; कापूस विकून आलेले रुपये त्यांनी न बघताच उपरण्याला बांधले होते. मान खाली घालून त्यांनी दुसरा रुपया काढला. तो पहिला फरशीवर वाजवून बघायची तसदी कुणी घेतली नाही. आमचे हे तिथंच बसले होते, गप्प. गप्प बसण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही.

लग्नाच्या दुसऱ्या सकाळी सासूनं तो रुपया माझ्या पदरात टाकला. "तुझ्या बापाचा माल. तूच सांभाळ." पुढं दूध उतू गेलं, भाकरी करपली, की "खाण तशी माती अन् बाप तसा रुपया" हे ठरलेलं. वडील मात्र आमच्या दारात आले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, रीतच आहे, असं सासू शेजारणींना सांगायची. मला मुलगा झाला, तो चालायला लागला, तरी ते आले नाहीत. त्या बाईचा मला राग होता. ती गेली, राग आहेच.

पुढं धाकटे दीर एका गोऱ्या साहेबासाठी टाकसाळीत चुकलेली नाणी जमवायला लागले. खेडोपाडीचे लोक नाणी घेऊन ओसरीवर यायचे आणि भाऊजी त्यांच्यावर खेकसायचे. बायकांना काही शिकवणं त्यांच्या शानीत बसत नव्हतं. मग मी दाराआड सरकी काढत बसायची आणि त्यांच्या खेकसण्यातून शिकायची.

"अक्षर गायब म्हणे. अरे, हर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासता, अक्षर राहील कसं?" हे एकाला. "हा डाग टाकसाळीचा नाही, तुझ्या बायकोच्या माळेची कडी झाळून जोडली होती इथं." हे दुसऱ्याला.

एकदा असीरगडकडचा एक जण उलट्या ठशाचा रुपया घेऊन आला. माझे हात सरकीवरच थांबले.

"हा तू बनवलास," भाऊजी म्हणाले. "रुपयावर रुपया ठेवून हातोडा हाणलास. ठसा उलटा उमटला, पण मागची राणी बघ, नाक चेपलंय तिचं. टाकसाळीतल्या खऱ्या चुकीत आधीचा रुपया साच्यालाच चिकटून राहतो आणि नवा त्याच्यावर दाबला जातो. तिथं एक राणी खचते, पण दुसरी एकदम साबूत."

मी उठून ट्रंक उघडली. रुपया काढून वर उठलेल्या राणीच्या नाकावरून बोट फिरवलं. नाक धारदार होतं. तशीच ओसरीवर गेले आणि रुपया भाऊजींपुढं धरला. त्यांनी तो फरशीवर वाजवला, पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"बिलकुल असली," ते म्हणाले. "टाकसाळीतच चुकलाय."

"मोठ्यानं बोला भाऊजी. आत ऐकू गेलं पाहिजे."

सासू बाहेर आलीच. साहेब काय देईल हे तिनं आधी विचारलं, आणि मग म्हणाली, "आमच्याच घरचा आहे तो. माझ्या पोराच्या हातावर पडलेला."

"पडला होता. तुम्ही उचलून माझ्या पदरात टाकलात," मी म्हणाले, आणि रुपया भाऊजींच्या हातून घेऊन मूठ मिटली.

निरोप धाडून वडिलांना बोलावून घेतलं. ते ओसरीच्या कडेला बसले. मी रुपया त्यांच्या तळहातावर ठेवून भाऊजी बोलले ते सगळं सांगितलं. कितीतरी वेळ ते तो उलटापालटा करत राहिले. "मला वाटायचं, मी खरंच तुला खोटं नाणं देऊन पाठवलं," ते म्हणाले. इतकी वर्षं त्या माणसानं सासूचं बोलणं खरं मानलं होतं.

सासूनं स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. "घ्या व्याहीबुवा, आता तर नातू झालाय."

वडिलांनी रुपया उपरण्याला बांधला. तांब्या घेऊन ते अंगणात उतरले, सगळं पाणी पायांवर ओतलं, आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.