सात पेले आणि एक खवट नारळ

“खाली ठेव! आधी ती विळी खाली ठेव! आणि त्या परातीला बोट लावलंस तर याद राख!”

अध्यक्षवहिनी ओरडल्या. केवढ्याने म्हणाल, तर मस्कतबाहेरच्या आमच्या अल अमेरातच्या उघड्या डोंगरांवर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या आणि त्यांतल्या दोघी आल्या वाटेने परत गेल्या, एवढ्याने. हातातल्या उलथन्यावरून गुळाचे थेंब त्यांच्याच पैठणीवर पडत होते, पण माझ्यावरची नजर काढायची त्यांची तयारी नव्हती. गणेश चतुर्थीची सकाळ, साडेआठचा सुमार. आमच्या मंडळाचा गणपती यंदा त्यांच्याच व्हिलात बसला होता आणि मी दरवर्षीसारखी माझी नारळ खवायची विळी काखोटीला मारून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकोणीस वर्षं या गणपतीला नैवेद्याचे मोदक माझ्या हातचे. मंडळात अध्यक्ष बदलले, घरं बदलली, कोण भारतात परत गेलं, कोण कॅनडाला. मोदक बदलला नव्हता.

“का हो वहिनी? माझ्या हातांना काय झालं?”

“हातांना नाही, तोंडाला विचार! अख्ख्या ग्रुपने फोटो बघितलाय. एवढा थोरला पेला! दारू पिऊन आलेल्या बाईच्या हातचा नैवेद्य, आणि तो माझ्या घरात? नाही म्हणजे नाही. खलास!”

आतल्या पाचसहा जणींनी माना अशा खाली घातल्या की मला वाटलं, उकडीत नाक बुडवून गुदमरतात आता.

मी वाढवून सांगते, हे सगळ्या मस्कतला ठाऊक आहे. पण खोटं सांगत नाही. फोटो खरा होता. पेला खरा होता. दात काढून हसणारी ती बाईही मीच. आमच्या लेकीने तो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून खाली इंग्रजीत लिहिलं, ‘आईचा सातवा’. तिला वाटलं, सगळे कौतुक करतील. इथल्या शाळेत वाढलेली पोर. तिला मराठी जेमतेम येतं, मराठी माणसं अजिबात येत नाहीत.

झालं होतं असं. जुलैत, मस्कतमध्ये नळाच्या गार पाण्यावर चहा होईल अशा उन्हात, आमच्या ह्यांना अर्बाबने, म्हणजे मालकाने, दहा दिवसांची सुट्टी दिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. लेक म्हणाली, आता तुम्ही दोघं गुपचूप चला. दुबईत विमान बदलून तिने आम्हाला थेट सायप्रसला नेलं, भूमध्य समुद्रातल्या बेटावर. मला वाटलं, समुद्र बघायचा असेल. मी रत्नागिरीकडची, नवरा ओमानात, आयुष्यभर समुद्रच बघितला. पण पोरीने आम्हाला डोंगरातल्या गावी नेलं. तिथे गल्लीगल्लीत वाइन करणारे लोक, आणि आपण त्यांच्या दारात जायचं, त्यांनी ओतायचं, आपण चाखायचं. हळदीकुंकवालाच गेल्यासारखं. फक्त ओटी पोटात भरायची.

पहिल्याच घरी एक म्हातारा. मिशा अशा की एकेका टोकाला परकर वाळत घालता येईल. त्याने अंगण दाखवलं. सप्टेंबरात इथे द्राक्षं उन्हात वाळत पडतात आणि त्यांची गोड वाइन होते, असं तो सांगत होता आणि लेक मला मराठीत करून देत होती. मी म्हटलं, त्याला सांग, आम्ही आमसुलं अशीच वाळवतो, फक्त नशा येत नाही. मग त्याने तळघरात नेलं. तिथे माणूस उभा मावेल एवढाले मातीचे रांजण. आणि टेबलावर पेले.

त्याने दोन बोटं ओतली. मी प्यायले. आवडली. हो, आवडली, ज्याला कुणाला ग्रुपवर टाकायचं असेल त्याने हेही टाकावं. जांभळासारखी सुरुवात आणि शेवटी जिभेवर चिंचेचा चिमटा. ह्यांनीही एक घोट घेतला आणि सवयीने तळवा डोक्यावरून फिरवला, तीर्थ घेतल्यासारखा. बाजूला एक गोरं जोडपं होतं. ती दोघं घोट तोंडात घेऊन खुळखुळवत होती आणि बादलीत थुंकत होती. मला शिसारी आली. कुणी प्रेमाने पुढे केलेलं घ्यायचं आणि त्याच्यासमोर थुंकायचं? आमच्या घरात असं करणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसला असता.

म्हणून मी सभ्यपणे नको म्हटलं. आणि तिथेच घात झाला.

लग्नानंतर आम्ही आधी ओमानातच, सूर नावाच्या बंदरगावी राहायचो. हे तिथे लाकडी होड्यांच्या कारखान्यात वायरिंगची कामं करायचे. शेजारची ओमानी आजी मला रोज कहवा पाजायची, बिनकानाच्या चिमुकल्या कपातून. तिकडची रीत अशी की रिकामा कप नुसता पुढे केला, तर यजमान भरतच राहणार. नको असेल तर कप मनगटातून डुलवायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी चौदा कप प्यायले आणि तीन दिवस डोळा मिटला नाही. जागेपणी घरातले सगळे पडदे शिवून झाले, मग शेजाऱ्यांचे शिवले. तेव्हापासून पुरे म्हणायचं झालं की माझं मनगट आपोआप हलतं.

तर सायप्रसच्या त्या तळघरात मी रिकामा पेला डुलवला. पुरे. म्हाताऱ्याच्या मिशा वर गेल्या. त्यांच्यात पेला गोल डुलवून वास घेतो तो खरा जाणकार. त्याला वाटलं, आली कुणीतरी दर्दी बाई! त्याने दुसरा रांजण उघडला. मी आणखी जोरात डुलवला. त्याने तिसरा उघडला.

“अगं, बस कर,” हे कुजबुजले.

“बसच म्हणतेय मी! तो ऐकत नाहीये!”

लेकीला सगळा घोटाळा कळला होता, पण ती हसून हसून भिंतीला टेकली होती. सातव्याला तिने फोटो काढला. तोच हा फोटो.

आठवा मात्र मी प्यायले नाही. म्हाताऱ्याने खास ठेवणीतला चंबू आणला होता, बापाच्या हातचा म्हणे. मी पेला नाकापाशी नेला आणि खाली ठेवला. लेकीला म्हटलं, सांग त्याला, हे बिघडलंय, शिरका होतोय याचा. ती सांगायला तयार नव्हती. शेवटी सांगितलं. म्हातारा असा गरजला की चर्चची घंटा आपोआप वाजली आणि गाव गोळा झालं. निदान तीन माणसं आणि एक कुत्रा तरी. मग त्याने स्वतः हुंगलं. घोटभर घेतलं. बाहेर गेला आणि चंबू अंजिराच्या बुंध्याशी ओतून आला. त्याने विचारलं, बाई कुठे शिकली?

कुठे शिकणार! देवाचा नैवेद्य करताना चव घेता येत नाही. देवाच्या आधी आपली जीभ लावायची नाही. आमच्या घरी पन्नास माणसांचं रांधायचं ते नाकावर. आमटी आंबट झाली का, तूप करपलं का, नारळ जुना का, सगळं वासावर. मिठाचासुद्धा वास येतो. येत नाही म्हणणाऱ्यांनी नाकं बदलून घ्यावीत. मी लेकीला म्हटलं, त्याला सांग, देवाच्या स्वयंपाकघरात शिकली. तिने काय सांगितलं कोण जाणे. म्हाताऱ्याने माझा हात धरून कपाळाला लावला.

हे सगळं मी त्या दिवशी वहिनींना सांगायला सुरुवात केली होती. पण सूरच्या आजीपर्यंत पोचले तेवढ्यात मला वास आला.

“वहिनी,” मी म्हटलं, “सारण खवट आहे.”

वहिनींनी उलथनं परातीत आपटलं. मोदकपात्राचं झाकणही थडथडलं.

“काय म्हणालीस?”

“नारळ खवट आहे. कधी आणलेत? गाडीत राहिले होते ना?”

“परवा,” म्हणत वहिनींनी खिडकीतून गाडीकडे बघितलं. मला तेवढं पुरलं. दोन दिवस गाडीच्या डिकीत, या उन्हात. इथली डिकी म्हणजे भट्टी.

“वास वेलचीचा आहे,” त्या म्हणाल्या.

“वेलची एवढी का घातलीत मग?”

“जळतेस तू! तुला हात लावू दिला नाही, म्हणून नावं ठेवतेस!”

आता आली का पंचाईत? एकशे एक्कावन्न मोदकांचं सारण परातीत, आणि ते खवट आहे की नाही हे सांगायला कुणी चिमूटभर तोंडात टाकायची सोय नाही. देवाच्या आधी चव घेणार कोण? एकेकीने परातीवर वाकून हुंगलं. एक म्हणाली, वेलची. दुसरी म्हणाली, गूळ. तिसरी म्हणाली, मला सर्दी आहे. वहिनी म्हणाल्या, “झालं? आता ये तू. बाहेर बस, आरतीला बोलावू.”

मी बाहेर बसले नाही. एकोणीस वर्षं ज्या देवाचा नैवेद्य केला, त्याला डोळ्यांदेखत खवट खायला घालू? आणि पाहुण्यासारखी सोफ्यावर बसून टाळ्या वाजवू? गाडीत हे पेपर वाचत होते. मी दार उघडलं आणि म्हटलं, “यल्ला, घरी चला.”

“काय झालं?”

“युद्ध.”

घर दोन गल्ल्या पलीकडे. फ्रिजमध्ये तीन नारळ होते, तांदळाची पिठी होती. मी जमिनीवर विळी मांडली आणि खवायला बसले. राग असला की खोबरं मऊ पडतं, हे माझं जुनं मत. त्या दिवशी एवढं मऊ पडलं की विळीवरून बर्फासारखं उडत होतं. ह्यांनी गूळ चिरला. मी डाव्या हाताने सारण हलवलं, उजव्याने उकड काढली, मधल्या वेळात वहिनींना मनातल्या मनात सात भाषणं दिली. एकवीस मोदक. एकेकाला अकरा कळ्या, मोजून घ्या. पावणेबाराला मी केळीच्या पानाने झाकलेलं ताट घेऊन वहिनींच्या हॉलमध्ये होते.

त्या आडव्या आल्या. हॉलमध्ये सत्तर माणसं, म्हणून हळू आवाजात. “हे काय?”

“नैवेद्य.”

“मी सांगितलं होतं ना तुला?”

“तुम्ही सांगितलंत. बाप्पाने नाही सांगितलं. त्याने नको म्हटलं तर उचलते. विचारा त्याला, मी थांबते.”

सगळ्यांदेखत त्या देवाला काय विचारणार? त्यांनी ताट घेतलं आणि कापराच्या डब्यामागे, समईच्या आड सरकवलं. पुढे त्यांचं परातभर. मला चाललं. बाप्पाचं नाक माझ्यापेक्षा लांब आहे.

आरती झाली. प्रसाद वाटला. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि चेहरे बघत होते, याहून चांगला तमाशा मस्कतमध्ये झालेला नाही. पहिला घास, मग थांबलेला जबडा, मग शेजाऱ्याकडे चोरटी नजर. देवाचा प्रसाद, थुंकता येत नाही. मला सायप्रसची बादली आठवली. एक काका न चावता गिळून पाण्याकडे धावले. एका बाईने अर्धा मोदक रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला, आणि तो अजून तिथेच असावा. ह्यांनी आपला अख्खा संपवला. हे तसेच आहेत.

मग कुणीतरी समईमागचं ताट शोधलं. एकवीस मोदक आणि सत्तर माणसं. मोदकाचे चार तुकडे झाले, मग सहा. तुपाच्या वाटीसाठी दोन प्रौढ इंजिनिअर भांडले. ताट केळीच्या पानासकट चाटूनपुसून गेलं.

वहिनी हॉलच्या टोकाला उभ्या होत्या. कुणीतरी त्यांच्या हातात त्यातला एक तुकडा ठेवला होता. त्या मोदकाकडे बघत होत्या आणि पैठणीवरचा गुळाचा डाग आता सगळ्यांना दिसत होता. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. घरून पाठ करून आणलेलं सगळं बोलले. की सात पेले प्यायले, आठवा ओतायला लावला, पुढच्या जुलैत परत जाणार आणि चौदा पिणार. फोटो मी स्वतः ग्रुपवर टाकणार. आणि माझ्या तोंडाचं देव बघून घेईल, पण नाकाला कुणी काही बोललं तर मी ऐकून घेणार नाही. एकोणीस वर्षं झाली वहिनी, एकोणीस, आणि एका फोटोवर तुम्ही मला दारातून परत पाठवलंत!

वहिनींनी तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला. बोटावरचं तूप पदराला पुसलं.

“उकडीत मीठ नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी सकाळी सहाला ये.”