माळ्याखालची अक्षरं

निम्मी वाट सरल्यावर उर्बाना मावशी रस्त्याकडेच्या दगडावर टेकली. दोरीच्या तळव्याची चप्पल काढून तिनं आतला खडा झटकला आणि म्हणाली, “मास्तरीणबाई, परत फिरायचं असेल तर इथूनच फीर. पुढं सावलीचं नाव नाही.”

“मी कुठं काय म्हटलं?” विसी म्हणाली.

“तू नाही म्हटलंस. तुझे पाय कधीचे बोलतायत.”

खोटं नव्हतं ते. वाल्देरेतामा गावच्या शाळेत विसीला दोनच वर्षं झाली होती. नोकरी टिकवायला लागणारा तिच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला दरवर्षी गावचे पाद्री, फादर एलादियो द्यायचे. आणि आज त्यांच्याच विरुद्धचा अर्ज पिशवीत घालून ती शहरातल्या मोठ्या पाद्रींकडे निघाली होती. अर्ज मावशीचा, अक्षर विसीचं, कारण मावशीला सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं.

उर्बाना अडुसष्ट वर्षांची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा, चौदाव्या वर्षी, गावच्या चर्चचा झाडू तिच्या हातात आला तो सुटलाच नाही. नवरा घंटा वाजवायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेल्यावर अकरा वर्षं घंटाही तिनंच ओढली, खांदा निकामी होईपर्यंत. यादवी युद्धाच्या दिवसांत चर्च जाळायला गावातलेच चौघंजण रॉकेलचे डबे घेऊन आले, तेव्हा ती दारात उभी राहिली आणि कुणाच्या बाप्तिस्म्याची टोपी आपण कुठल्या महिन्यात शिवली, कोण किती रडला होता, ते एकेकाला नाव घेऊन ऐकवलं. डबे तसेच परत गेले.

या टोप्यांचंच सगळं होतं. चर्चच्या मागच्या बाजूला लाकडी माळा आहे, गाणारे बसतात तो. त्याच्या तुळईवर लाल-पांढऱ्या आकारांची एक ओळ रंगवलेली आहे. गावच्या बायका तिला नक्षी समजत. बाळाच्या टोपीच्या काठावर लाल दोऱ्यानं तीच ओळ भरायची, ही रीत. मुली माळ्याखाली बसायच्या आणि मान वर करून टाके मोजायच्या. उर्बानाइतक्या टोप्या कुणी भरल्या नसतील.

वसंतात सारागोसाहून एक प्राध्यापक आले, तुळईखाली उभे राहिले आणि म्हणाले, ही नक्षी नाही, अरबी लिपी आहे. सहाशे वर्षांपूर्वी गावानं हे चर्च मुसलमान गवंड्यांकडून बांधून घेतलं. त्यांतल्या एकानं लिहून ठेवलंय की अल्लाशिवाय दुसरा देव नाही आणि मुहम्मद त्याचा प्रेषित.

फादर एलादियोंचा चेहरा पांढराफटक पडला. रविवारी त्यांनी जाहीर केलं की आठ दिवसांनी, सोमवारी, रंगारी येऊन तुळई तपकिरी रंगानं झाकून टाकील, आणि घराघरातल्या टोप्या त्यांच्याकडे जमा करायच्या. बायकांनी माना खाली घातल्या. उर्बाना तेवढी उठून उभी राहिली.

“आधी याच टोप्या घालून दिलेला आम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा परत घ्या, फादर. मग टोप्या आणून देते.”

आता चढावर विसीनं विचारलं, “मावशी, तुम्हाला खरंच काही वाटलं नाही? त्यांच्या पैगंबराचं नाव आहे त्यात.”

“वाटलं तर! दोन दिवस सुई हातात धरली नाही.” मावशी धापा टाकत थांबली. “मग म्हटलं, देव एकच, हे तर आपणही दर रविवारी म्हणतो. पुढचं नाव त्या गवंड्याच्या श्रद्धेचं. हात त्याचे होते, घाम त्याचा होता. आपल्यासाठी देवाचं घर बांधलं आणि देवाची आठवण त्याला येत होती त्या शब्दांत केली. रंग फासून मी त्याला खोटं पाडू? मला नाही जमायचं.”

शहरात मोठे पाद्री भेटलेच नाहीत. त्यांच्या तरुण चिटणिसानं उभ्या उभ्या अर्ज वाचला आणि हसून म्हणाला, “आजी, बायकांनी छतापेक्षा जमिनीकडे बघावं.”

“जमीन चौपन्न वर्षं झाडतेय, बाळा. तिथं काही लिहिलेलं नाही. आणि पुसायचंच असेल तर नीट पुसा. मनोरा त्याच गवंड्यांनी रचलाय, त्याच्यावरच्या विटांच्या चांदण्या त्यांच्याच. खिडक्यांच्या घोड्याच्या नालासारख्या कमानी त्यांच्याच. सगळं पाडा आणि शेतात उभं राहून मिस्साची प्रार्थना म्हणा. पाऊस आला तर छत्री मी धरते.”

चिटणिसाचं हसू मावळलं. “ठेवून जा अर्ज. पुढच्या महिन्यात बघू.”

“रंगारी सोमवारी येतोय.”

“पुढच्या महिन्यात,” तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दोघी कारंज्याच्या कठड्यावर बसल्या. मावशीनं पावात घातलेलं बटाट्याचं आमलेट मोडून मोठा तुकडा विसीला दिला. स्वतःचा तुकडा ती मान खाली घालून खाऊ लागली. विसीला वाटलं, रडते की काय. मावशीनं पदराएवढ्या मोठ्या रुमालानं तोंड पुसलं.

“हे बघ पोरी, रंगाऱ्याला शिडी लागणार. शिडी टेकायला तुळईखाली एकच जागा आहे, आणि सोमवारी सकाळी तिथं मी बसणार आहे. एकटी म्हातारी बसली तर खांद्याला धरून बाजूला करतील. दोघी बसल्या तर हात लावताना विचार करतील. तुझा दाखला जाईल, मला कळतं ते. म्हणून माझ्या तोंडावर हो म्हणू नकोस, घरी जाऊन प्रार्थना कर आणि मग ठरव. पण विचारायचं ते विचारून ठेवते. येशील माझ्या शेजारी बसायला?”