आक्काची काळजं

आमच्या खालापूरच्या आक्काकडे घड्याळं पुष्कळ होती, पण त्यातलं एकही वेळ सांगायचं नाही. त्यांना काटे नव्हते, तबकडी नव्हती, वरचं झाकणही नव्हतं. नुसती आतली यंत्रं. जुन्या रेशमी चोळीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून तिनं ती एका पितळी डब्यात ठेवली होती. कुणी थट्टेनं विचारलं, "आक्का, किती वाजले?" की ती अंगणातल्या उन्हाकडे बघायची आणि सांगायची. ते बहुधा बरोबर असायचं.

नात्यानं ती माझी आत्या. पण सगळं गाव आक्का म्हणे, म्हणून मीही. तिचा नवरा बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा तिथं मुकादम होता. घाटात पटकीची साथ आली आणि तो तिथंच गेला. एका गोऱ्या साहेबानं खुश होऊन त्याला दिलेलं चांदीचं घड्याळ तेवढं घरी आलं, तेही बंद पडलेलं. चांदी मोडावी म्हणून आक्का ते सोनाराकडे घेऊन गेली. सोनारानं झाकण उचकटलं, आतलं यंत्र काढलं आणि भंगाराच्या टोपलीत भिरकावलं. त्या धक्क्यानं म्हणा, कशानं म्हणा, यंत्रातलं एक चाक थरथरलं आणि फिरू लागलं.

"त्यात जीव व्हता रं," ती मला सांगायची. "आनि तो कचऱ्यात टाकत व्हता." ती सोनाराला म्हणाली, "खोकं तुमी घ्या, काळीज मला द्या."

तेव्हापासून यंत्राला तिचा शब्द काळीज. पनवेलपासून दहिवलीपर्यंतच्या सोनारांना तिनं सांगून ठेवलं. मोडीला आलेल्या घड्याळाचं सोनं-चांदी वितळवायचं आणि आतलं फेकून द्यायचं, हाच तेव्हा रिवाज होता. ते फेकायचं ते आक्काकडे येऊ लागलं. सोनार हसायचे, पण बाजूला काढून ठेवायचे.

मी कर्जत स्टेशनात तारबाबू होतो. रजा मिळाली की खालापूरला जायचो. जेवणं झाली, ऊन दारात आलं, की ती हात धुवून कोरडे करायची, पदर तोंडावर घ्यायची आणि मलाही उपरणं घ्यायला लावायची. "श्वासाचं पानी बसतं. मग गंज धरतंय." मग एक काळीज तळहातावर घ्यायची, बारक्या चावीनं दोन पीळ द्यायची आणि थांबायची. तोलाचं चाक हलकेच डावीकडे जाई, उजवीकडे येई, आणि त्याच्या पोटातली केसासारखी कमान उघडे-मिटे.

कुठलं चांगलं आणि कुठलं बेताचं, हे तिचं तिनंच ठरवलं होतं. वरून चकाकणाऱ्याला ती भुलत नसे. पालथं करून तबकडीच्या आड लपणारी बाजू बघायची. तिथलीही कड घासून गुळगुळीत केली असेल, तिथल्या स्क्रूलाही मोरपंखी निळाई चढवली असेल, तर म्हणायची, "हितं कुनी बघनार नाय, तरी केलंय. याला हात लावताना मला भ्या वाटतं."

सगळ्यांत लाडकं काळीज होतं ते फार जुनं, कुणा सरदाराच्या घरातून मोडीत आलेलं. त्यात भोवऱ्याच्या आकाराचं एक चाक होतं आणि त्यावर साखळी गुंडाळलेली. साखळी कसली, घोड्याच्या शेपटीतला केसच. पण नखावर धरली की त्या केसाला दुवे दिसायचे, एकात एक अडकवलेले. "ही ज्या बाईनं ओवली," आक्का म्हणाली, "तिचे डोळे गेले असतील रं." बाईच कशावरून, मी विचारलं. "मला आपलं वाटतं," ती म्हणाली.

घाट चढायला मागून जादा इंजीन जोडायचं म्हणून गाडी कर्जतला बराच वेळ थांबते. अशाच एका थांब्यात मला फलाटावर एक वयस्कर पारशी शेट दिसले. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि तबकडी न बघता मागचं झाकण उघडून आतच बघत बसले. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन आक्काची हकीकत सांगितली. शेट खंडाळ्याला हवेसाठी निघाले होते. परतताना ते कर्जतला उतरले आणि माझ्याबरोबर बैलगाडीनं खालापूरला आले.

आक्कानं डबा उघडला. शेटांनी डोळ्याला भिंग लावलं आणि दुपार सरेपर्यंत एकेक बघत राहिले. साखळीवाल्यापाशी त्यांचा हात थांबला. डोक्यावरची पगडी सारखी करून ते म्हणाले, "बाय, मी विलायत पन जाऊन आलो. असा काम नाय पाहिला."

आक्काचं लक्ष भिंगाकडे होतं. इतकी वर्षं तिनं सगळं नुसत्या डोळ्यांनी बघितलं होतं. शेटांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी भिंग तिच्या हाती दिलं आणि कसं धरायचं ते दाखवलं. साखळीवाल्यातल्या तोलाच्या चाकावरच्या जाळीदार झाकणीवर तिला नेहमी नुसते ओरखडे दिसायचे. भिंगातून तिथं वेल होती, वेलीला पानं होती, पानांना शिरा होत्या, आणि मध्ये एक इवलासा चेहरा होता, डोळे मिटलेला.

आक्का भिंगावरून डोळा काढीना. शेवटी म्हणाली, "एवढं सगळं हाय व्हय हितं?" आणि तिला रडू कोसळलं. शेटही डोळे पुसत होते. त्यांनी विकत मागितलं नाही, आक्कानंही देऊ केलं नाही. निघताना भिंग मात्र ते तिथंच ठेवून गेले.

पुढे प्लेग आला. घरं सोडा, रानात झोपड्या बांधा, असा हुकूम सुटला. लोकांनी धान्य आणि दागिने घेतले, आक्कानं धान्याबरोबर डबा घेतला. रजा काढून मी तिला भेटायला जायचो. झोपड्यांच्या त्या माळावर बायका नुसत्या बसून असायच्या. कुणाची गाठ वर आली, एवढंच बोलणं. आक्कानं एकदा डबा उघडला आणि शेजारच्या झोपडीतल्या बाईच्या हातात भिंग दिलं. मग दुसरी आली, तिसरी आली. भिंग लावलेली बाई तेवढा वेळ गप्प राहायची, आणि तिचा श्वास सावकाश व्हायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

मग आक्कालाच ताप भरला. मेलेल्याचं सामान जाळतात हे तिला माहीत होतं. तिनं बायकांना दारापाशी बोलावलं, आत येऊ दिलं नाही, आणि रोग राहू नये म्हणून चुलीवर तापलेल्या विटेवर कापडासकट एकेक काळीज शेकून ते उंबऱ्याबाहेर सरकवलं. जिनं जे जास्त वेळ बघितलं होतं, ते तिला. मी बाहेर उभा होतो.

"आक्का, मला?" मी विचारलं.

"तू तारेत बोलतोस रं, तुला करमतं," ती म्हणाली. "ह्यांच्याकडं काय हाय?"

दोन दिवसांनी ती गेली. झोपडी जाळली, डबाही त्यातच गेला.

पुष्कळ वर्षांनी काही कामानं त्या बाजूला गेलो होतो. माळावरच्या बायकांपैकी एक भेटली, आता म्हातारी झालेली. भिंगाबरोबर साखळीवालं काळीज तिच्या वाट्याला गेलं होतं. फडताळात कुंकवाच्या करंड्याशेजारी ते होतं, गंजाचा ठिपका नव्हता. मी विचारलं, "अजून बघता?"

"बघते की. पोरगा गेला त्या दिवशीबी बघितलं."

"बरं वाटतं?"

म्हातारीनं विचार केला. "बरं नाय वाटत," ती म्हणाली. "पन कुनीतरी एवढं नीट केलंय, ते दिसतं. मग मी उठते, चूल पेटवते."