काकडांशिवाय शेवळं

शुक्रवारी डोंगरातल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, कॅम्पिंगला जायचं म्हणून आखातातल्या आमच्या अल हैलच्या घरी मी सामान भरत होते. मुलीने फोनवर ऑस्ट्रेलियाच्या रानात कंदमुळं भाजून खाणाऱ्या माणसाचा जुना कार्यक्रम लावला. "मम्मा, हा खरंच अळ्या खातो?" तिने विचारलं, आणि मला वसईचा एक रविवार आठवला.

आम्ही भावंडं तो कार्यक्रम श्वास रोखून बघायचो. त्या रविवारी मी धाकट्या पीटरला परसातल्या विस्तवावर शेवळं भाजून दिली. ही रानभाजी आमच्याकडे काकडं ही आंबट रानफळं घातल्याशिवाय कोणी करत नाही. टीव्हीवरचा माणूस काहीच घालत नव्हता, म्हणून मीही घातली नाहीत. दुसऱ्याच घासाला पीटरचा घसा इतका खाजला की त्याला बोलता येईना. मी आईला हाक मारली.

आई धावत आली. खाज मारायला तिने त्याला चिंच चोखायला दिली. बऱ्याच वेळाने त्याला कंठ फुटला, तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"बाय, त्या टीव्हीवाल्याला त्याचं रान ठाऊक. तुला तुझं नको?"

तेव्हा मला फक्त ओरडा ऐकू आला. आता वाटतं, रानातलं काय कशाबरोबर खायचं हे जाणणारी बाई घरातच रांधत होती आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून टीव्ही बघत होतो.