वसंताच्या रंगवलेल्या याद्या

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मी कांदे निवडत होतो, तेव्हा प्रशांतचा फोन आला. प्रशांत म्हणजे माझा बालमित्र वसंता याचा मुलगा. “काका, बाबा गेले,” एवढंच तो म्हणाला. मागून घरातल्या बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी कांदे तसेच तराजूत टाकून काळीपिवळीच्या अड्ड्यावर आलो आणि मिळाली त्या गाडीत कोंबून बसलो. माझा चेहरा बघून शेजारच्या माणसाने विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, आमच्या गावचा वसंता, बाजार समितीत मापारी होता. “यादीवाले वसंतभाऊ?” तो म्हणाला, “ऐकून हाओ मी. आडनाव काय जी त्यायचं? म्हंजे कोनत्यातले?” एरवी मी रागावलो असतो. त्या दिवशी मला रडू आलं, कारण हा प्रश्न वसंताने जन्मभर दुसऱ्यांबद्दल विचारला होता आणि शेवटची दोन वर्षं तो त्याला नकोसा झाला होता. म्हणून या लेखात त्याचं आडनाव मी लिहीत नाही, माझंही नाही. संपादकांनाही विनंती केली आहे की खाली नुसतं ‘एक निवृत्त शिक्षक’ असं छापा. नाव वाचून आम्हाला कुठल्या खान्यात टाकायचं ते ठरवल्यावर पुढचं वाचण्यात काही अर्थ नाही.

आम्ही एका पाटीवर शिकलो. तो मला पुढे गावासारखं ‘गुरुजी’ कधी म्हणाला नाही. ‘मास्तर’ म्हणायचा, तेही चिडवल्यासारखं. मापारी म्हणून त्याचं नाव होतं. गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचा, चिमटीत धरायचा आणि ओलावा, प्रत सगळं सांगायचा. पण तालुक्यात त्याची खरी कीर्ती निवडणुकीत. मतदार यादी आली की त्याच्या ओट्यावर सतरंजी पडायची, आणि ब्लेडने टोकं काढलेली एक लाल-निळी पेन्सिल बाहेर यायची. एक टोक लाल, एक निळं, असली पेन्सिल आता मिळत नाही. त्याने कुठून तरी डझनभर आणून ठेवल्या होत्या. लाल म्हणजे आपल्या पॅनलचं नक्की. निळं म्हणजे समोरच्याचं. जे कुंपणावर, त्यांना साध्या पेन्सिलीची रेघ. नोकरीत होतो तोवर मी लांब उभा राहून बघायचो. निवृत्त झाल्यावर सरळ सतरंजीवर बसून नावं वाचायला लागलो. मी आडनाव वाचायचो, तो रंग द्यायचा. पूर्ण नाव वाचायची वेळ क्वचित यायची. माणूस दारू सोडलेला आहे, पोरगी नर्सिंगला लागलेली आहे, घरात पाणी येत नाही, याच्याशी पेन्सिलीला काही घेणंदेणं नव्हतं. आणि खरं सांगतो, मोठी मजा यायची. थंडीचे दिवस, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, वहिनींचा तिसऱ्यांदा आलेला चहा, आणि मतमोजणीच्या दिवशी वसंताचा अंदाज पाच-दहा मतांच्या फरकाने खरा... दोन्ही पॅनलचे पुढारी त्याच्याकडे यायचे. तो दोघांनाही खरं तेच सांगायचा. त्यात लबाडी नव्हती, हे मला लिहून ठेवायचं आहे.

मागच्या ग्रामपंचायतीला सरपंचपद महिलेसाठी सुटलं. दोन्ही पॅनलने आपापल्या पुढाऱ्यांच्या सौभाग्यवती उभ्या केल्या. बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा, बाईचा लहान, आणि एकीचं तर स्वतःचं नावही धड लिहिलेलं नव्हतं. तिसरा अर्ज सुशीलाबाईंनी भरला. सुशीलाबाई आमच्या अंगणवाडीच्या निवृत्त सेविका. आज तिशीच्या आतलं गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांनी कधी ना कधी वजनकाट्यावर लटकवलेलं आहे. पण त्यांच्या आडनावाची गावात घरं सात.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या वसंताच्या ओट्यावर आल्या. मी होतोच. “भाऊ, लोक म्हंतात तुमचा आकडा चुकत नाई,” त्या म्हणाल्या. “मले किती भेटतील, सांगा.” वसंताने विचारलं, “बाई, तुमची घरं किती?” त्या म्हणाल्या, सात. त्याने यादी काढली. मी वाचायला लागलो. आमची ओट्यावरची सगळ्यात शांत बैठक ती. लाल, निळा, लाल, निळा... बाईंच्या वाट्याला सात घरं आणि साध्या पेन्सिलीच्या थोड्या रेघा. वसंता कळवळून म्हणाला, “डिपॉझिट जाईन, बाई. मान हाय गावात तुमाले, तो कायले घालवता? बसा.” बाईंनी एकदा यादीकडे बघितलं. मग पदर सावरून उठल्या. पायरीवर थांबून त्यांनी मला विचारलं, “गुरुजी, तुमी देनार होते ना मले?” मी म्हटलं, “हो बाई, म्हंजे काय.” माझ्या नावापुढे लाल रेघ होती, नुकतीच ओढलेली. दुसऱ्या दिवशी बाई तहसीलला जाऊन बसल्या, म्हणजे अर्ज मागे घेऊन आल्या. निकाल वसंताच्या आकड्याप्रमाणेच लागला. त्याने मला चहा पाजला.

पुढे तीनेक महिन्यांनी तो पिठाच्या चक्कीवर नंबर लावून उभा होता. एक म्हातारी, निळ्या घरातली, त्याला म्हणाली, “तुमीच बसवलं म्हने बाईले? आमच्या घरची चारही मतं तिची होती. माह्या नातवाले तिनं वाचवलं, यवतमाळले घेऊन गेलती सोता.” तो हसला. आठवड्याने लाल घरातल्या एका पोरीने तेच सांगितलं. मग आणखी कोणी. वसंता माझ्याकडे आला, खुर्चीवर नीट बसलाही नाही. “मास्तर, एवढे जन खोटं कायले बोलतीन?” मी म्हटलं, “आता बोलायले काय जाते? निवडनूक झाली.” तो म्हणाला, “ते बी खरं हाय. पन मले माहीत नाई, ही गोष्ट नवीन हाय ना बाप्पा.” मग म्हणाला, “माहा आकडा चुकला नाई, कारन म्या तिले उभंच राहू देल्लं नाई... कापूस बी म्या कधी वरून पाहून सांगतला नाई. हात घातला आतमंदी. मानसाले मात्र नुसतं वाचून टाकलं.”

त्याला मी एवढा अस्वस्थ कधी पाहिला नव्हता. गावाबाहेरच्या नाल्यावर पूल नाही, म्हणून पावसाळ्यात पोरांची शाळा बुडते. ती दरवर्षी बुडतच होती, पण आता पाणी चढलं की तो काठावर जाऊन उभा राहायचा. असे दोन-तीन पावसाळे गेले, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो सुशीलाबाईंकडे गेला, मला ओढत घेऊन. “बाई, म्या तुमाले आकडा चुकीचा देल्ला असन,” तो म्हणाला. “असन म्हंजे?” “तेच तर. माहीत नाई.” बाईंनी चहाचे कप समोर ठेवले. म्हणाल्या, “आकडा तुमचा होता, भाऊ, भ्याली तर मीच ना. पन एक सांगू? त्या दिवशी तुमी मले एकच गोष्ट इचारली, घरं किती. मी काहून उभी राहून राह्यली, ते तुमी इचारलं नाई.” वसंताने मान खाली घातली. मी पण.

त्यानंतर त्याने पेन्सिलीचं लाल-निळं टोक वापरलं नाही. नवी यादी आली तशी काखेत मारली आणि घरोघर फिरायला लागला. गुडघे दुखायचे, तरी रोज पाच-सहा घरं. गाव हसत होतं. सुरुवातीला मीही हसलो. “काय इचारतं रे एवढं?” म्हटलं, तर म्हणाला, “काय पायजे ते इचारतो, अन् मत कायच्यावर देता ते. आधी सांगत नाईत. दुसऱ्या खेपीले सांगतात.” कोणी खोटं सांगितलं तरी तो लिहून घ्यायचा. लोकांची नाडी बघून अंदाज बांधायची त्याची सवय सुटली होती आणि त्याला त्याचं बरं वाटत होतं, असं मला आता वाटतं. जायच्या तीन आठवडे आधी माझ्या ओट्यावर आला. यादी उघडून साध्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि म्हणाला, “मास्तर, तुहं काय?” मला हसू आलं. पन्नास-साठ वर्षांची दोस्ती, आणि माझ्या घरात येऊन मलाच विचारतो. मी म्हटलं, “माहं तुले माहीत नाई काय?” तो म्हणाला, “माहीत होतं, म्हनूनच तं इचारून राह्यलो.” मी विषय बदलला. त्यानेही काहीतरी खरडून यादी मिटली, चहा घेतला, आणि नेहमीप्रमाणे काठी विसरून गेला. काठी द्यायला मी मागे धावलो. तेवढंच शेवटचं बोलणं, “हे घे, तुही काठी.”

तेरवीनंतर त्याची सून सविता एक कापडी पिशवी घेऊन आली. “बाबा म्हनत होते, हे काकायजवळच द्या.” आत ती लाल-निळी पेन्सिल, पाच निवडणुकांच्या रंगवलेल्या याद्या, आणि सगळ्यात वर शेवटची, बिनरंगाची. दुपारभर वाचत बसलो. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी आहे. ‘नाल्यावर पूल.’ ‘सासरा सांगेल तसं, पण मनात बाई.’ ‘पाण्याची टाकी. कोणीही करो.’ ‘सांगत नाही, दोनदा गेलो.’ ‘जातीवरच देणार म्हणाला. खरं बोलला.’ त्याच्या स्वतःच्या नावापुढे लिहिलं आहे, ‘सुशीलाबाई, उभ्या राहिल्या तर.’ ते नाव आता यादीतून कमी होईल.

ती यादी घेऊन मी बाईंकडे गेलो. पुन्हा निवडणूक लागते आहे, ‘उभ्या राहा’ म्हणायला त्यांच्याकडे चार जण येऊन गेल्याचं कानावर होतं. मी आधी माझं सांगून टाकलं, “बाई, त्या दिवशी मी हो म्हटलं, ते खोटं होतं.” त्या म्हणाल्या, “माहीत हाय, गुरुजी. लय लवकर म्हटलं होतं तुमी.” रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मग मी विचारलं, “बाई, तुमाले काहून उभं राहाचं होतं?” त्या पाऊण तास बोलल्या. नाला, अंगणवाडीचं गळकं छप्पर, रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. निघताना विचारलं, या वेळी भरणार का. म्हणाल्या, “आकडा सांगनारा तं गेला आता. पाहू.” मी म्हटलं, “मी एकाच मताचं सांगू शकतो.” त्यांनी यादी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात परत दिली.

ती आता माझ्या टेबलावर आहे, वर ती लाल-निळी पेन्सिल. पान मी मुद्दाम उघडंच ठेवतो. माझं नाव, घर क्रमांक, वय, आणि पुढे वसंताच्या अक्षरात दोन शब्द आहेत, ‘विचारलं. हसला.’ खोडरबर घरात आहे, पण ते मी खोडलेलं नाही.