आजाऱ्यांनंतरची शांतता

जानेवारी १९५६, गोळीबाराचा आठवडा. लालबागच्या एका चाळीत राहणारा, गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा बावीस वर्षांचा तरुण भरदुपारी घराबाहेर पडला आणि परत आला नाही. जबाबदार कोण, हे सरकारने कधी सांगितले नाही. तो प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा आहे.

त्याच महिन्यातला शेवटचा बुधवार. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेच्या यादीत त्याचे नाव घातले गेले. लिहिणारा मी.

त्याच वर्षी मार्चमध्ये, झावळ्यांच्या रविवाराआधीचा बुधवार. ते नाव वगळण्यात आले. जबाबदार: थोरले पंच, ज्यांनी ते सुचवले, पाळकसाहेब, ज्यांनी मान खाली घातली, उरलेले चार पंच, ज्यांनी हात वर केले, आणि चिटणीस, ज्याने वहीत कारण नोंदवले. चिटणीस मीच होतो.

१ मे १९६०, रविवार. महाराष्ट्र राज्य झाले. आमच्या मंडळीत आभाराची उपासना झाली. नाव वाचले गेले नाही. जबाबदार: वरीलप्रमाणे.

आणि गेला नाताळ. मंडळीने स्मरणिका छापली. तीत असे म्हटले आहे की, बुधवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे संपल्यावर क्षणभर स्तब्ध राहण्याची जी सुंदर प्रथा आहे, ती आमच्या भक्तिमान पूर्वजांनी घालून दिली. जबाबदार: संपादक मंडळ. त्यांना मी सात पत्रे रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावत्या सातही आल्या. उत्तर एकही आले नाही. त्या भक्तिमान पूर्वजांपैकी एक अजून जिवंत आहे आणि त्याला लिहिता येते, हे त्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

मी तेव्हा दादरला राहत होतो आणि फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होतो. दस्तऐवजाची नक्कल करताना स्वल्पविराम जरी हलला तरी हक्क हलतो, हे मला तिथे शिकवले गेले, आणि ख्रिस्ती जीवनाकडेही मी त्याच नजरेने पाहिले. भावनेवर माझा फारसा भरवसा नव्हता, सवयीवर होता. पहाटे उठून शास्त्राचा एक अध्याय, डबा उघडण्यापूर्वी प्रार्थना, शनिवारी आजाऱ्यांच्या भेटी, रविवारी उपासना आणि बुधवारी संध्याकाळी परळच्या आमच्या लहानशा मंदिरात प्रार्थनासभा. मनात विश्वास असो वा नसो, पाय त्या वेळी तिथे गेले पाहिजेत. मन मागून येते, असे मी तरुणांना सांगत असे. अजूनही मला ते खोटे वाटत नाही. म्हणूनच ही गोष्ट मला सोडत नाही.

बुधवारच्या सभेचा गाभा म्हणजे यादी. आजारी, संकटात असलेले, प्रवासात असलेले, शोकात असलेले, या क्रमाने चिटणीस एकेक नाव वाचत असे, आणि प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणत, “प्रभू, आठवण ठेव.” एकदा घातलेले नाव तीनच कारणांनी निघत असे: संकट टळले तर, माणूस देवाघरी गेला तर, किंवा कुटुंबाने तशी विनंती केली तर. कारण वहीत लिहावे लागे. हा नियम मीच शब्दबद्ध केला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

तो तरुण पहिल्या पाळीवरून सुटला की थेट सभेला येई. केसांत कापसाचे तंतू असत. भजनाला झांज वाजवी, आणि लय किंचित पुढे पळवी. पाळकसाहेब डोळे मिटूनच म्हणत, “अरे, साच्याचा वेग इथं नको.” सगळे हसत, तोही हसे. शिवाजी पार्कच्या सभांना तो जात असे हे खरे. पण त्या दुपारी तो मोर्चाला गेला नव्हता. त्याची आई दुसऱ्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावर अश्रुधूर सुटला, तेव्हा तो तिला आणायला निघाला. ती मागच्या गल्लीने घरी पोहोचली होती. चूल पेटवून ती त्याची वाट पाहत बसली.

संचारबंदी उठल्यावर मी तिच्याबरोबर फिरलो. दोन पोलीस चौक्या, तीन इस्पितळे. शेवटच्या इस्पितळातल्या कारकुनाने अंगठा वरून खाली सरकवत यादी पाहिली आणि म्हणाला, “असं नाव नाही.”

“यादीत नाव नाही म्हणजे माणूसच नाही का, बाबा?” तिने विचारले.

कारकून माझ्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, तुम्ही समजवा यांना.”

मी तिला समजावले. काय समजावले ते आता आठवत नाही. घरी परतताना ती म्हणाली, “चिटणीसभाऊ, आपल्या यादीत तरी घाला. देवाला ठाऊक आहे तो कुठं आहे ते. पण माणसांनी विसरू नये ना.” त्या बुधवारी मी ‘संकटात असलेले’ या शीर्षकाखाली त्याचे नाव लिहिले. त्या शीर्षकाखाली ते एकच नाव होते. मी ते वाचले, मंदिर भरून आवाज आला, “प्रभू, आठवण ठेव,” आणि तिने पदराने तोंड पुसले. ती दर बुधवारी तांदळाच्या दोन पुरचुंड्या आणत असे. आमच्या बाया रोजच्या स्वयंपाकातून एक मूठ तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. ती मुलाच्या वाटचीही काढत राहिली.

पंचांची बैठक थोरल्या पंचांच्या घरी झाली. ते शाळेचे हेडमास्तर होते आणि शाळा सरकारी अनुदानावर चालत होती. एक साध्या वेषातला माणूस शाळेत येऊन, तुमच्या प्रार्थनेत दंगलखोरांची नावे घेतात का, असे विचारून गेला होता.

“आपण देवाची माणसं,” थोरले पंच म्हणाले. “हे राजकारण आहे.”

“तो आईला आणायला गेला होता,” मी म्हणालो.

“असं ती म्हणते.”

“आजवर ती आपल्याशी कधी खोटं बोलली आहे?”

“चिटणीस, तुमच्या कचेरीत आरोपीच्या आईची साक्ष चालते का?” एकजण हसला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. हात वर झाले. मग थोरल्या पंचांनी वही माझ्यापुढे सरकवली. “कारण काय लिहायचं ते तुम्हीच बघा. कायदा तुम्हाला कळतो.”

नियमात तीनच कारणे होती. संकट टळले नव्हते. मृत्यूचा पुरावा नव्हता. ठराव बेकायदेशीर आहे, असे मी म्हणू शकलो असतो; माझ्याइतके ते कोणाला कळत नव्हते. मी लेखणी उचलली आणि लिहिले: ‘कुटुंबाच्या विनंतीवरून.’ खाली सही केली. अक्षर सुरेख आले होते. त्या खोलीत मला भीती कशाची होती? कशाचीच नाही. नियम शाबूत राहिला पाहिजे, एवढेच मला दिसत होते, आणि तो शाबूत राखण्यासाठी मी एका आईच्या तोंडी असा शब्द घातला, जो तिने कधी उच्चारला नव्हता.

पुढच्या बुधवारी मी आजाऱ्यांची नावे वाचली आणि प्रवासात असलेल्यांकडे वळणार, एवढ्यात माझा श्वास अडला. नाव नव्हते, पण त्याची जागा माझ्या जिभेला ठाऊक होती. आणि त्या जागेत तिसऱ्या बाकावरून एकट्या बाईचा आवाज आला: “प्रभू, आठवण ठेव.”

कोणी वळून पाहिले नाही. त्यानंतर दर बुधवारी हेच झाले. मी थांबत असे, ती म्हणत असे, मी पुढे जात असे. थांबायचे नाही असे ठरवून मी कितीदा उभा राहिलो; प्रत्येक वेळी थांबलो. घरच्या प्रार्थनेतही मी तिथे अडखळू लागलो. पत्नी विचारी, “अडलात कुठे?” मी म्हणे, “कुठं नाही.”

एकदा मी तिच्या चाळीत गेलो. गॅलरीत तिचा शेजारी बसला होता, युनियनचा मालवणी गृहस्थ. मला पाहताच म्हणाला, “काय ओ चिटणीस, तुमचो देव सरकारी नोकरीत आसा काय? ठराव झाल्याशिवाय आयकत नाय?”

“गप बसा हो,” ती आतून म्हणाली. “या, भाऊ. सलाम. चहा टाकते.” चहा देताना तिने सहज विचारले, “कोणत्या कारणानं काढलं हो नाव? काहीतरी लिहिलं असेल ना?”

तिला वाचता येत नव्हते. मी म्हणालो, “पंचांचा ठराव झाला, मावशी.”

“मग ठीक,” ती म्हणाली. “मला वाटलं माझंच काही चुकलं.”

कपातला चहा मी संपवला. हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही.

राज्य झाले त्या रविवारी मंदिरावर पताका लावल्या होत्या. थोरल्या पंचांनी प्रार्थना केली. ज्यांनी या राज्यासाठी रक्त सांडले त्यांच्याबद्दल, प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो, असे ते म्हणाले. चार वर्षांपूर्वी जे राजकारण होते ते आता ईश्वरी कृपा झाले होते. ती उभी राहिली.

“साहेब, त्यांत माझा आहे का?”

“मावशी, बसा. उपासना चालू आहे,” थोरले पंच म्हणाले.

“चालू द्या. मी उभी राहते.”

शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत ती उभी होती. मी तिच्या मागच्या बाकावर बसून होतो. वही मंदिराच्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या खिशात. उठून सांगायला मला अर्धे मिनिट लागले असते.

काही वर्षांनी ती गेली. तिच्या आजारपणात मी तिचे नाव आजाऱ्यांत शेवटी लिहिले, म्हणजे त्या मोकळ्या जागेच्या अगदी जवळ. ती गेल्यानंतरच्या बुधवारी मी वाचले, थांबलो, आणि तिसऱ्या बाकावरून काहीच आले नाही. त्या दिवशी मी चिटणीसपद सोडले. कारण लिहिले: प्रकृती.

माझ्यानंतर दुसरा वाचू लागला. त्याने वर्षानुवर्षे मला ऐकले होते. तोही तिथे थांबला. मग तिसरा. यादी नव्या वहीत उतरली, संकटाचे शीर्षक गळाले, थोरले पंच गेले, पाळकसाहेब गेले. आज जी तरुण बाई यादी वाचते ती तेव्हा जन्मलीही नव्हती. आजाऱ्यांनंतर तीही श्वासभर थांबते आणि सगळे माना लववतात. आम्ही सातजणांनी ज्याला पुसून टाकले, त्याची जागा एका आंधळ्या सवयीने राखून ठेवली. मी मागच्या बाकावर बसतो. दर बुधवारी त्या शांततेत मला झांज ऐकू येते, किंचित घाईची, आणि मग तिचा आवाज. मी हात घट्ट धरून ठेवतो.

याला तुम्ही सुंदर प्रथा म्हणता.

जुनी वही तुमच्याच कपाटात आहे. ती कोणीही कधीही उघडील आणि वाचील की, आईनेच आपल्या मुलाचे नाव काढायला सांगितले. तिच्याविरुद्ध तेवढा एकच लेखी पुरावा आहे आणि तो माझ्या हातचा आहे. तो मी एकट्याने रद्द करू शकत नाही. नियमानुसार पंचांचा ठराव लागतो. हाही नियम मीच लिहिला होता.

म्हणून विद्यमान पंचमंडळाकडे आणि स्मरणिकेच्या संपादकांकडे माझी मागणी आहे. आठवे पत्र मी पाठवणार नाही. वही मंडळीसमोर उघडा. ‘कुटुंबाच्या विनंतीवरून’ हे शब्द खोटे आहेत, असे माझ्या तोंडून, माझ्या सहीसमोर, सर्वांच्या देखत वदवून घ्या, मी येईन. मग ते शब्द खोडा आणि आजाऱ्यांनंतर त्याचे नाव मोठ्याने वाचा. आणि हे करणार नसाल, तर का करणार नाही, याचे उत्तर बंद पाकिटात मला पाठवू नका. बुधवारी, त्या शांततेच्या जागी उभे राहून, तिसऱ्या बाकाकडे पाहत द्या.