अर्ध्या स्वस्तिकाची गाडी

आमची सुनंदाताई गेली तेव्हा सोसायटीतल्या मांजरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

माणसांपैकीही काहींनी टाकला. नावं घेत नाही, ते फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

आज वर्ष झालं.

ताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, ठाण्याच्या ऑफिसात नोकरी केली, रिटायर झाली. सगळे नातेवाईक "आता चारधाम कर" म्हणत असताना ही ड्रायव्हिंग शिकली आणि नवी कोरी मरून रंगाची गाडी घेऊन डोंबिवलीत अवतरली.

पूजा अर्थातच आईने केली.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मरून बॉनेटवर लाल कुंकू काही दिसेना, म्हणून तिने जोर लावला. कुंकू लावायचं अनामिकेने, आणि अनामिकेतच अंगठी. बोटं वाळलेली, अंगठी सैल, खडा फिरून तळव्याकडे आलेला.

कुंकू पुसलं. स्वस्तिक राहिलं.

पांढऱ्या रेघांचं, चारही टिंबांसकट.

मला वाटलं, आता ताई फुटणार. पार्किंगमध्ये कुणाची सायकल गाडीजवळून गेली तरी तिचा आवाज गच्चीपर्यंत जायचा.

पण ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मिलिंद, आईला कळता कामा नये. जिवाला लावून घेईल."

आईचं डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. म्हणजे आईला दिसायला लागायच्या आत बॉनेट नीट व्हायला हवं होतं.

शोरूमवाला म्हणाला, अख्खं बॉनेट रंगवून देतो.
ताई म्हणाली, "कंपनीचा रंग एकदाच मिळतो. तो खरवडून वर तुमचा कशाला?"

मग रोज सकाळी मॅक्सीवर ओढणी घेऊन ताई पार्किंगमध्ये.

आधी शाम्पूने धुणं. डोंबिवलीत धूळ हा स्वतंत्र ऋतू आहे आणि तो बारमाही आहे. मी एकदा धूळ तशीच असताना फडकं मारायला गेलो, तर माझा हात हवेतच धरला.
"तोंड न धुता पावडर लावतोस का रे? ती धूळच रंगाला ओरबाडते."

मग नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवायचं. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातला, पॉलिशने जातो. अडकलं तर खोल गेलाय, नमस्कार करायचा.

मग मऊ मायक्रोफायबरवर चिमूटभर पॉलिश. हात सरळ रेषेत. गोल गोल फिरवला की उन्हात जाळी दिसते म्हणे. शेवटी वॅक्स.

तळमजल्याचे सामंतकाका सल्ला द्यायला आले. "टूथपेस्ट लावा, मस्त जातं."
"काका, आधी तुमच्या दातांवर रिझल्ट दाखवा."

काका परत खाली दिसले नाहीत. राहतात तळमजल्यावर, तरीसुद्धा.

तेव्हापासून गाडीजवळ येणाऱ्याने अंगठी, घड्याळ, बेल्ट काढून यायचं असा नियम झाला. देवळात चपला काढतात तसं. माझी पँट दोनदा घसरली, पण गाडी वाचली.

नियम सगळ्यांना लागू. फक्त आईला नाही. आईला सांगितलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं.

ऑपरेशनपर्यंत बरंचसं स्वस्तिक गेलं. एक उभी रेघ, एक आडवा पाय आणि टिंबं मात्र हटेनात. तिथे नख अडकत होतं.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरला त्या दिवशी आई म्हणाली, "मला खाली ने. गाडी बघायचीय."

ताई म्हणाली, "कव्हर घातलंय गं. पाऊस येईल."
"एप्रिलमध्ये?"

आईने स्वतःच कव्हर ओढलं. बॉनेटवर वाकली. बराच वेळ वाकलेलीच.

"नंदे, हे कुणी केलं?"
"मांजराने." ताईची पापणी लवली नाही.
"मांजराने चार टिंबंपण दिली?"

मी खांबाकडे बघायला लागलो.

आईने स्वतःची अंगठी बोटावर एकदा फिरवली. खडा वर, खडा खाली. तिला कळलं. तिचा चेहरा उतरायला लागला, आणि ताईचा तिच्याआधी उतरला. पॉलिश करण्यात घालवलेल्या सगळ्या सकाळी फुकट गेल्या होत्या.

मग आई एकदम करवादली, "आणि अर्धं का पुसलंस? अर्धवट स्वस्तिक ठेवतात का कुणी? निदान विचारायचं तरी! शिकलीसवरलीस ना?"

ताई पायरीवर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्यानंतर तिने तेवढ्या जागेला पॉलिश लावलं नाही. वॅक्स मात्र तिथे जास्त. पाणी शिरून गंज धरू नये म्हणून.

मागच्या वर्षी ताई गेली. हार्ट. कुणाला काही करायची संधीच दिली नाही, स्वभावाप्रमाणे.

आज वर्षश्राद्ध झालं. पानं उचलल्यावर आई म्हणाली, "मला खाली ने."

गाडी मी धुऊन ठेवली होती. आई आली, आणि गाडीपासून दोन हात लांब थांबली.

बोटातली अंगठी काढून तिने माझ्या हातात दिली.

तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना काढताना वरून बघत असणार, बाल्कनीतून, नव्या डोळ्यांनी.

ताईच्या पॉलिशच्या डब्यातलं फडकं घेऊन तिने बॉनेट पुसलं. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "गोल गोल नको रे. सरळ."

अर्ध्या स्वस्तिकापाशी हात थांबला.

"मी केलेलं ती पुसत बसायची. आता तिच्यामागे मी पुसतेय. हे काही बरोबर झालं नाही, मिलिंद."

मी अंगठी मुठीत धरून उभा राहिलो.

ताई, गाडी सावलीत लावलीय. वॅक्स आहे. मांजरांवर माझं लक्ष आहे आणि आईवरही.

तू निवांत राहा.